माझ्या तबकडीत न मावलेले सात तास

मित्रांनो, मी एक जुनं स्टॉपवॉच आहे, आणि माझा दोष मी आधीच सांगून टाकतो. मला तास कळतात, पण दाखवता येत नाहीत. माझा लांब काटा सेकंद मोजतो आणि वरच्या छोट्या तबकडीतला काटा मिनिटं. तीही फक्त तीस. तिसावं मिनिट सरलं की तो पुन्हा शून्यावर येतो आणि आपण त्या गावचेच नाही अशा थाटात पुढे चालू लागतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी आरशासारखा लख्ख होतो. एका शाळेतल्या खेळाच्या सरांनी मला विकत घेतलं. शर्यत संपली की धापा टाकणारी मुलं माझ्याभोवती गोळा होत आणि "सर, माझे किती?" म्हणून कालवा करत. मी सांगेन ते अखेरचं. मग आकडे दाखवणारी प्लास्टिकची घड्याळं आली आणि माझी रवानगी गंजक्या स्क्रूंच्या खणात झाली. तिथे किती वर्षं गेली कोण जाणे. मला चालू करणारंच कोणी नव्हतं.

पुढे शाळेनं ते सामान मोडीत काढलं, तेव्हा त्या खणातून मला मिस्त्रींनी काढलं. मिस्त्री म्हणजे धक्क्यावरच्या नौका क्लबात होड्या दुरुस्त करणारे गृहस्थ. त्यांनी माझी काच बदलली, तेलाचा एकच थेंब सोडला, आणि मी पुन्हा टिकटिकू लागलो. त्यांचे उपकार मी कसे विसरेन?

या क्लबाची एक शर्यत आहे. तिला पंच नाही, प्रतिस्पर्धी नाही. एका माणसाच्या लांबट, अरुंद होडीत, म्हणजे कयाकमध्ये बसायचं, धक्क्याच्या तिसऱ्या खांबाशी माझं बटण दाबायचं, खाडीच्या तोंडाशी असलेल्या काळ्या खडकाला वळसा घालायचा आणि परत येऊन त्याच खांबाशी मला थांबवायचं. दिवस आपण निवडायचा, भरती-ओहोटी आपण बघायची, आणि आपली वेळ आपणच क्लबाच्या वहीत लिहायची. आपलाच हात आणि आपलंच मन. पाऊण तासाच्या आत कोणी येत नाही, म्हणून माझ्या मिनिटांत तीस मिळवायची, एवढंच गणित.

वहीत सगळ्यात वर मिस्त्रींचं नाव होतं. एकोणपन्नास मिनिटं वीस सेकंद. अकरा वर्षं ते तिथून हललं नव्हतं. पण आता मिस्त्री एकोणसत्तरचे, आणि त्यांच्या डोळ्यांतला पडदा झिजत चालला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, यावर ऑपरेशन नाही. तरी ते रोज एकटेच होडी काढत. मागच्या महिन्यात नांगर टाकून उभ्या असलेल्या पडावावर, म्हणजे मोठ्या होडीवर, जाऊन आदळले आणि घरी सांगितलं, दारात पाय घसरला.

घरी त्यांची लेक होती. एका शाळेची प्रयोगशाळा सांभाळणारी, चाळिशीची, बापासारखीच हट्टी. मिस्त्री तिला ठमाबाई म्हणत.

"बाबा, पुरे आता. एक दिवस परत येणार नाही तुम्ही."

"माझी वेळ कोणी मोडली की वल्हं ठेवीन खाली. तोवर मला अक्कल शिकवू नकोस, ठमाबाई."

बोलून चालून ती थट्टा होती. लेकीनं मात्र ती गाठीशी बांधली. वर्षभर तिनं सराव केला. बापाला पाण्यावरून उठवायचं तर त्याचा आकडा मोडायचा, दुसरा मार्ग नव्हता. पण तिची वेळ बावन्नच्या खाली येईना.

मग तिला एक युक्ती सुचली. धक्का आणि खडक यांच्या मधोमध गाळाचा एक उंचवटा आहे. सगळे त्याला वळसा घालतात. ओहोटी अर्ध्यावर असताना त्यावर वीतभर पाणी उरतं. ओहोटीच्या ओढीनं भर्रकन खडक गाठायचा आणि येताना धारेशी झगडत बसण्याऐवजी या उथळ पाण्यावरून सरळ निसटायचं! तिनं भरतीच्या तक्त्यात वेळ पाहिली. शेजारच्या रकान्यात पाण्याची उंची लिहिलेली असते, ती मात्र पाहिली नाही. ते उधाणाचे दिवस होते. उधाणाचं पाणी जेवढं चढतं तेवढंच झपाट्यानं उतरतं.

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तिनं मला प्लास्टिकच्या पाणबंद पिशवीत घालून गळ्यात अडकवलं आणि बटण दाबलं. बापाला गुपचूप चकित करायचं म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं. फोन धक्क्यावरच्या कपाटात.

जाताना आम्ही अक्षरशः उडत गेलो. एकविसाव्या मिनिटाला खडक मागे पडला. आज जमतंय, असं तिच्या छातीचे ठोके मला सांगत होते. अडतिसाव्या मिनिटाला होडीच्या पोटाखाली खसखस झाली. मग होडी थांबली.

तिनं वल्हं खाली रोवलं. ते हातभर आत गेलं. तिनं एक पाय बाहेर टाकला, तो मांडीपर्यंत रुतला. कसाबसा उपसून ती पुन्हा होडीत बसली. बघता बघता चहूबाजूंनी पाणी निघून गेलं आणि उरला फक्त चकचकीत काळा गाळ. पाणी परत येईपर्यंत तिथून सुटका नव्हती.

मित्रांनो, कोंडलं जाणं म्हणजे काय ते मला खणात नव्हतं कळलं, त्या दिवशी कळलं. माझ्या पिशवीत वाफ धरली होती. तिचे पाय होडीच्या अरुंद पोटात आखडले होते. ऊन चढत होतं, बाटलीत चार घोट पाणी. धक्का डोळ्यांना दिसत होता, त्यावरचे खांबसुद्धा मोजता येत होते, आणि काहीएक करता येत नव्हतं. मी तेवढा चालत होतो. तीस झाली की शून्य. तीस झाली की शून्य. तिनं एकदा मला थांबवायला अंगठा आणला आणि मागे घेतला. खांबाशी पोचल्याशिवाय बटण दाबायचं नाही, हा नियम.

दहाच्या सुमारास मिस्त्रींची होडी दिसली. लेकीची होडी ठेवायची लाकडी घोडी रिकामी पाहून ते तिला शोधायला निघाले होते. गाळाच्या कडेच्या धारेतून ते येत होते, अगदी हाकेच्या अंतरावर.

"ठमाबाई! ए ठमाबाई!"

वारा त्यांच्याकडून आमच्याकडे होता. त्यांची हाक आम्हाला स्पष्ट ऐकू येत होती, आमची त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती. ती जीव खाऊन ओरडली, शिटी फुंकली, पिवळं वल्हं डोक्यावर धरून हलवलं. मिस्त्रींनी मान वळवली. सरळ आमच्याकडे पाहिलं. आणि हाका मारत पुढे निघून गेले.

परतताना ते पुन्हा तिथूनच गेले. या वेळी हाक चिरकत होती. लेक वल्हं मांडीवर ठेवून रडली. आपण अडकलो म्हणून नव्हे. बापाला किती कमी दिसतं ते तिनं आज मोजून पाहिलं होतं.

दोनच्या पुढे पाणी आलं. आधी ओघळ, मग वीतभर, मग होडी हलली. चढत्या पाण्यानं आम्हाला धक्क्याकडे ढकललं. तिसऱ्या खांबाशी तिनं बटण दाबलं.

मिस्त्री पायऱ्यांवर कमरेभर पाण्यात उभे होते. त्यांनी तिला हाताला धरून वर घेतलं. मग मला पिशवीतून काढून नाकाशी धरलं.

"अठरा मिनिटं, सहा सेकंद. त्यात तीस. अठ्ठेचाळीस!" ते म्हणाले. "मोडलीस गं माझी वेळ. हरलो."

ती सकाळपासून पाण्यावर होती, हे त्यांना पक्कं माहीत होतं. ते तिला वाट करून देत होते, आणि स्वतःलाही. तिनं नुसती मान हलवली असती तरी तिचं वर्षाचं काम झालं असतं. माझा काटा तर खोट्याच्या बाजूनंच उभा होता, आणि मला तोंड नव्हतं.

"सात तास अठरा मिनिटं, बाबा," ती म्हणाली. "गाळात बसले होते."

मिस्त्रींनी तोंड खाडीकडे वळवलं.

"मी दोनदा गेलो तिकडून."

"हो."

"तू हात केला होतास?"

नाही म्हणून टाकायचं, हे खोटं पहिल्यापेक्षा सोपं होतं.

"वल्हं हलवलं, बाबा. पिवळं. दोन्ही वेळा. तुम्ही माझ्याकडेच बघत होता."

मिस्त्री खाली पायरीवर बसले. तिनं वहीत लिहिलं: सात तास, अठरा मिनिटं, सहा सेकंद. मिस्त्रींचा आकडा वर तसाच राहिला. पण त्या दिवसापासून त्यांनी होडी पाण्यात घातली नाही.

आता मी त्यांच्या गळ्यात असतो. लेक पाण्यावर गेली की ते पायरीवर बसतात, मला नाकाशी धरतात, आणि अर्धा तास झाला की डाव्या खिशातला एक खडा उजव्या खिशात टाकतात. मला जे मोजता येत नाही ते असं मोजतात. मित्रांनो, तुम्ही पाण्यावर जा, रानात जा, कुठेही जा. पण जाण्याआधी कुणाला तरी सांगून जा, आणि कुणी तुम्हाला सांगून गेलं तर त्याची वेळ जपा. दुसरा खडा पडला की मिस्त्री उठून उभे राहतात. समोरचं पाणी त्यांना दिसत नाही. ती खांबाशी येऊन "बाबा, आले" म्हणेपर्यंत ते खाली बसत नाहीत.