शिळानाथाची करंगळी

"बोला, शिळानाथ महाराज की जय!"

गढीच्या पटांगणात अख्खं गाव ओरडलं आणि माझ्या हातातली पान्यांची पेटी पडता पडता राहिली. मी औरंगाबादच्या उस्मानपुऱ्याचा मिस्त्री. पोलिस ॲक्शनला चार वर्षं झाली होती. वैजापूरजवळच्या या गावात जहागीरदाराच्या वेळचं, बैलांनी ओढायचं एक थोरलं जातं होतं. जहागीरदार हैदराबादला गेला आणि जातं बंद पडलं. 'बायका हातानं दळून दळून मेटाकुटीला आल्यात, येऊन दुरुस्त करा,' अशी चिठ्ठी काकासाहेब पाटलांनी मला पाठवली होती. हातातली कामं उरकायला मला आठ दिवस लागले. तेवढ्यात जात्याचा देव झाला होता!

जात्याच्या वरच्या तळीला, म्हणजे फिरत्या दगडाला, शेंदूर, हार, उदबत्त्या. शेजारी वाघाच्या कातड्यावर महाराज बसलेले. कातडं वाघाचं म्हणायचं ते पट्टे रंगवलेले होते म्हणून.

"मिस्त्री, आता दुरुस्ती नगं," काकासाहेब कानाशी लागले. "तळीत देवी बसली. खऱ्या माणसाचा हात लागला की फिरती, खोट्याचा लागला की हालत नाय."

"कोण म्हणतं?"

"महाराज म्हणतात."

म्हणजे मिटलंच की! पुरावा एकदम पक्का.

महाराज उठले. "आम्ही हिमालयात बारा वर्षं एका पायावर उभं राहून तप केलं," त्यांनी सुरू केलं. कुठल्या पायावर, ते काही सांगितलं नाही. मग चिमटा तीनदा खणखण वाजवला आणि दांड्याला नुसती करंगळी लावली. सहा मणांची तळी गरगर फिरली. बायांनी हात जोडले, बाप्यांनी पागोटी काढली.

"आता त्या बाईला आणा," महाराज म्हणाले.

ती बाई म्हणजे बानाबाई. मेंढरं राखणारी विधवा, काळीसावळी, ताठ मानेची. काकासाहेबांची म्हैस अचानक आटली होती, आणि ती आटायच्या आदल्या दिवशी बानाबाई गोठ्यावरून गेली होती. तिनंच नजर लावली, असं काकासाहेबांच्या शेजारच्या सरूबाईनं विहिरीवर सांगितलं आणि गावानं मान्य केलं.

बानाबाईनं दांडा धरला, रेटला. कपाळाची शीर तट्ट फुगली. तळी जागची हलली नाही.

"खोटी!" महाराज गरजले. "सोमवारपातुर मेंढरं घेऊन गाव सोडायचं!"

"कुटं जाऊ मी? चाळीस वर्सं इथंच काढली की!" बानाबाई कळवळून म्हणाली. कोणी वर बघेना.

मला भारी संताप आला. एक गोष्ट खटकलीच होती. महाराजांच्या वेळी चिमटा वाजला, बानाबाईच्या वेळी नाही. देवीला ऐकू कमी येत असावं! मी जात्याच्या ओट्याला वळसा घालून मागच्या खड्ड्यात उतरलो. असल्या जात्याची वरची तळी लोखंडी आसावर बसते, आणि आसाचं खालचं टोक खड्ड्यातल्या फळीवर टेकतं. फळीच्या टोकाला तरफ असते. ती दाबली की तळी केसभर उचलली जाते आणि बोटानंही फिरते. चार वर्षं बंद असलेल्या त्या तरफेला ताजं वंगण होतं, आणि तिच्याशेजारी महाराजांचा चेला सांडू आरामात गूळ-शेंगदाणे खात बसला होता.

कान धरून त्याला वर आणला. "महाराज, आता फिरवा बरं."

चिमटा वाजला. तीनदा, मग सहादा. मग किती वाजला ते मोजायचं मी सोडून दिलं. करंगळी लावून झाली, दोन्ही हात लावून झाले, शेवटी महाराजांनी खांदा लावला. त्या खटपटीत जटा सुटून खाली पडल्या, त्या वेगळ्याच होत्या.

मी परत खड्ड्यात उतरलो, तरफ दाबली आणि ओरडलो, "बानाबाई, लाव हात!"

तळी भिरभिरली.

"बानाबाई खरी! देवी पावली!" गर्दीनं जयजयकार केला. काकासाहेब नारळ घेऊन धावले. मी कपाळावर हात मारला. अरे, डोकं आहे की खोकं? एकेकाला बकोट धरून खड्ड्यात उतरवलं, तरफ दाबायला लावली.

सरूबाई दाबून वर आली ती एवढंसं तोंड करून. "आगं माय! डाळ भरडताना आपण खुंट्यावर चिंधी घालतो, वरची तळी उचलती, जातं हलकं फिरतं. तसंच की हे! दर आठवड्याला माझ्याच हातानं करते मी, अन् कळंना कसं?"

या गडबडीत महाराज हिमालयाच्या दिशेनं पसार झाले होते. सांडूला सोबत न्यायचंही भान राहिलं नाही.

काकासाहेबांनी नारळ पुढं केला. बानाबाईनं घेतला नाही.

"दगड थांबला तवा मी चेटकीण, दगड फिरला तवा मी खरी. मला तोंड नाय व्हय, काकासाहेब? एका माणसानं इचारलं नाय. आखाडात तुमची म्हैस सुटून वरच्या आळीच्या तात्यासाहेबांच्या रेड्याकडं गेलती, माझ्या डोळ्यांनी बघितलं. तिला आठवा महिना लागलाय. गाभण म्हैस आटणार नाय तर काय करंल?"

काकासाहेबांनी नारळ हळूच काखेत दडवला. सरूबाई मात्र पुढं झाली आणि सगळ्यांसमोर बानाबाईच्या पाया पडली. गावात तेवढं धाडस तिनं एकटीनंच केलं.

चौथ्या दिवशी जातं दळायला लागलं. तुम्हाला एवढंच सांगतो. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी ओट्याखाली वाकून बघा. आणि कुणावर आळ आला तर दगडाला कौल लावू नका, त्या माणसाला विचारा. त्याला बोलता येतं.