कात्री लावण्याआधी

मी एक जुना कारागीर आहे. मला हात नाहीत, तोंड नाही, पडद्यावर मिरवायला साधे एक बटणही नाही. मित्रांनो, मी व्हिडिओ कापणारा आणि जोडणारा एक प्रोग्रॅम आहे. माझ्याकडून काम करून घ्यायचे तर काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करावा लागतो, आणि त्यात एक ठिपका जरी चुकला तरी मी अडून बसतो. स्वभावाला औषध नाही, दुसरे काय!

कितीतरी अनोळखी माणसांनी फावल्या वेळात मला थोडे थोडे घडवले आणि ज्याला हवा त्याने न्यावा म्हणून मोकळे सोडले. मला नेले ते कॅसेटकाकांनी. जिन्याखालच्या खोलीत त्यांचे दुकान होते. लोक घरातल्या जुन्या व्हिडिओ कॅसेट आणून देत आणि काका त्या संगणकात उतरवून घेत. फळीवर चार प्लेअर, त्यातल्या एकाचे झाकण कायमचे उघडे. टेबलावर कापसाचे बोळे आणि स्पिरिटची बाटली. माझे हुकूम त्यांनी एका वहीत लिहून ठेवले होते. ते एका बोटाने टाइप करत आणि काम झाले की म्हणत, "शाब्बास रे गड्या." त्या शाब्बासकीवर मी पंधरा वर्षे काढली.

माझी एक सवय आहे. जुन्या फाईलवरच नवी फाईल लिहायची वेळ आली की मी थांबतो आणि विचारतो, ‘जुनी पुसून नवी लिहू का? हो की नाही?’ काका चष्मा सारखा करून तो प्रश्न दर वेळी पूर्ण वाचत.

पुढे काकांची नजर अधू झाली. ठिपके चुकू लागले, मी अडू लागलो, आणि कॅसेटचा ढीग खुर्चीच्या वर गेला. कित्येक महिने मला कोणी हाकही मारली नाही. तेव्हा त्यांच्या पुतणीने मला एका एआय मदतनिसाशी जोडून दिले. त्याला माणसांचे बोलणे समजते, पण व्हिडिओला हात लावता येत नाही. माझे नेमके उलटे. मला काय काय जमते याची यादी तिने त्याला लिहून दिली: कापणे, जोडणे, आवाज वाढवणे, चित्राखाली अक्षरे उमटवणे. काका खुर्चीत रेलून नुसते म्हणाले, "याची पहिली दोन मिनिटं काढून टाक बाबा," आणि मदतनिसाने बिनचूक हुकूम माझ्याकडे धाडला. काका लहान मुलासारखे हसले. मलाही फार बरे वाटले.

फक्त माझा प्रश्न मध्ये मध्ये येई, आणि पुतणीला हातातले काम टाकून उत्तर द्यावे लागे.

"काका, हा सारखा काय विचारत बसतो?"

"विचारू दे की. तुझं काय जातंय?"

पण कामे तुंबली होती. एका दुपारी काकांना न सांगता तिने त्या जोडणीतच कायमचे ‘हो’ लिहून टाकले. तिचा हेतू वाईट नव्हता. माझा प्रश्न मात्र बंद झाला.

त्याच आठवड्यात शिवणकाम करणाऱ्या एक ताई आल्या. त्यांच्या आईची एकुलती एक कॅसेट होती. आई जाऊन बरीच वर्षे झाली होती. "माझ्या मुलीने आजीला कधी पाहिलंच नाही," त्या म्हणाल्या. "तिला बघता येईल असं काहीतरी करून द्या." फितीला बुरशी लागली होती. काकांनी चाळीस मिनिटे उतरवली आणि फीत अडकली. ती साफ करून उरलेली अकरा मिनिटे त्यांनी वेगळ्या फाईलमध्ये घेतली. मग फीत तुटली ती तुटलीच.

पुतणीने मोठी फाईल उघडूनही पाहिली नाही. "फार लांबलंय. जिथे कोणी बोलत नाही तेवढं काढून टाक," असे तिने मदतनिसाला सांगितले. बोलणे म्हणजे आवाज, असे त्याने धरले. मी आवाज मोजला, शांत भाग कापले आणि न विचारता जुनीवर नवी लिहिली. चाळिसाची चार मिनिटे उरली.

ताई बघायला आल्या. पडद्यावर कुत्रे भुंकले, दार आपटले, कोणी शेजारीण हाक मारून गेली, आणि संपले.

"आई कुठे आहे?" ताईंनी विचारले.

"बाकीच्या वेळात कोणी काही बोलतच नव्हतं, ताई," पुतणी म्हणाली.

"माझ्या आईला ऐकू यायचं नाही. ती हातांनी बोलायची." ताईंनी पडद्याला हात लावला. "सगळा वेळ तीच बोलत होती हो."

मित्रांनो, मला त्या दिवशी माझ्या वेगाची लाज वाटली. पुतणीने घाईघाईने मदतनिसाला विचारले, कापलेला भाग परत आणता येईल का? त्याने आडपडदा न ठेवता सांगितले, ‘मूळ फाईल पुसली गेली आहे. ती परत आणता येणार नाही. कापण्याआधी मी विचारायला हवं होतं. या कॅसेटचं आणखी काही उतरवलेलं आहे का?’

"अकरा मिनिटं," काका हळूच म्हणाले.

या वेळी पुतणीने आधी त्या फाईलची प्रत काढून ठेवली. मग तिघे पडद्याजवळ बसले. पडद्यावर जुन्या घरातले एक टेबल दिसले, त्यावर कापड पसरलेले होते. तेव्हाच्या छोट्या ताईने कात्री उचलली, तोच आईने तिचा हात धरला. मग आईने दोन बोटांची उघडमीट केली आणि तळहात स्वतःच्या छातीवर ठेवला. खुर्चीतल्या ताईंचे हातही नकळत तसेच हलले.

"काय म्हणतायत?" पुतणीने विचारले.

"कात्री लावायच्या आधी मला विचार." ताईंनी डोळे पुसले. "रोज सांगायची."

पुतणीने माझी जोडणी उघडली आणि ते ‘हो’ स्वतःच्या हाताने पुसले. मग ताई अर्थ सांगत गेल्या, पुतणी लिहीत गेली, मदतनीस वेळ जुळवत गेला आणि मी आईच्या हातांखाली एकेक अक्षर उमटवले. इतके जपून मी आयुष्यात कधी काम केले नव्हते. छत्तीस मिनिटे गेली ती गेलीच. पण ताईंच्या मुलीला अकरा मिनिटांची बोलकी आजी मिळाली.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना खुशाल एकमेकांशी जोडा. आम्ही न थकता राबू. पण तुमच्या माणसांवर कात्री चालवण्याआधी आम्हाला विचारू द्या, आणि आम्ही विचारले की वैतागू नका. आता माझा प्रश्न आला की पुतणी तो पूर्ण वाचते. उत्तर द्यायच्या आधी ती काकांकडे बघते, आणि काका त्या आईसारखाच तळहात छातीवर ठेवतात.