साक्षीच्या मापाचा झगा

मित्रांनो, मी एका राणीचा झगा आहे. जुना म्हणाल, तर अजून वर्षाचाही नाही. पण आज माझी हकिकत मी रागाने सांगतोय, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म टेंभुर्णीत, बेबीनंदाताईंच्या घरी झाला. ताई एरवी ब्लाउज शिवतात. त्यांची मुलगी साक्षी नववीत. शाळेच्या स्नेहसंमेलनात एका परदेशी राणीचं नाटक बसत होतं. रूपाली मॅडमनी राणीच्या कामाला साक्षीला निवडलं, कारण तिचा आवाज मैदानाच्या टोकापर्यंत खणखणीत पोचायचा. साक्षीने मोबाइलवर त्या राणीचं जुनं चित्र शोधलं आणि म्हणाली, "आई, बिलकुल असाच पाहिजे."

मग जालन्याहून तांबडं साटन आलं. माझा घेर फुगून राहावा म्हणून साक्षीच्या वडिलांनी, राजानंदांनी, शेतातली ठिबकची जुनी नळी आणली. ताईंनी तिची कडी करून अस्तरात ओवली. मानेमागची उभी कॉलर बकरम घालून ताठ केली. बाह्यांवरची वेलबुट्टी मात्र सगळी हातची. कापड खाटेच्या चौकटीवर ताणून, मोबाइलवरचं चित्र मोठं करकरून पाहत ताई मोती टाकायच्या. बोटं सुजली. एकदा सुई टोचून साटनावर रक्ताचा ठिपका पडला, त्यावर त्यांनी टिकली लावली. ठेवणीतल्या साडीचा जरीकाठ कापून माझ्या गळ्याला आला. साक्षीने मला घातलं, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी कुणासाठी आहे.

तालमीला मला पाहायला गर्दी झाली. शाळेच्या समितीचे अप्पाराव तर माझ्या बाहीवरून हात फिरवत म्हणाले, "काय काम केलं! खऱ्या राणीचा वाटून राह्यला." मी किती फुशारलो होतो! आज त्या हाताची आठवण आली की अंगावर काटा येतो.

दुसऱ्या दिवशी कॉलर पाहायची म्हणून मला शाळेत मागवून घेतलं. तिथे अप्पारावांची नात आकांक्षा उभी होती. "राणी आपली आकांक्षा होईल," अप्पाराव म्हणाले. "त्या वस्तीतली पोरगी सिंहासनावर अन् आपल्या पोरी तिच्यापुढं वाकलेल्या, गावात बरं न्हाई दिसत." रूपाली मॅडम खाली पाहत राहिल्या. मी आकांक्षाला कमरेत बसेना, तेव्हा कुणीतरी ब्लेड आणलं. माझी शिवण उसवली. मोती फरशीवर उडाले.

तेवढ्यात ताई आणि साक्षी दारात आल्या.

"कुणी उसवला?" ताईंनी विचारलं.

"चिडू नको, बेबीनंदा," अप्पाराव म्हणाले. "स्टेजवर तुझाच झगा चमकंल. अन् साक्षीला दासीचं काम देऊन राह्यलो की."

"माझा झगा चालतो, माझी पोरगी न्हाई चालत?"

ताई मॅडमकडे वळल्या. "मॅडम, तुम्हीच निवडलं होतं तिला. मंग बोला की!"

मॅडम वाकून फरशीवरचे मोती वेचू लागल्या. आकांक्षाने मात्र मला अंगावरून उतरवलं. "आजोबा, मला न्हाई व्हायचं राणी," ती रडत म्हणाली.

"दासी बी मी होणार न्हाई," साक्षी म्हणाली. तिने मला छातीशी धरलं आणि मायलेकी निघाल्या.

नाटक रद्द झालं. ताईंनी माझी शिवण पुन्हा घातली. ज्या संध्याकाळी शाळेत बाकीचे कार्यक्रम चालले होते, त्या संध्याकाळी साक्षी मला घालून आमच्या बुद्धविहारासमोरच्या ओट्यावर उभी राहिली आणि राणीचं सगळं भाषण तिने म्हटलं. वस्ती गोळा झाली. टाळ्या थांबेनात. राजानंदांनी डोळे पुसले.

सगळे म्हणाले, झालं ते चांगलंच झालं. नाही, मित्रांनो! चांगलं नाही झालं. शाळेचा तो मंच साक्षीने स्वतःच्या आवाजावर मिळवला होता. ओट्यावरच्या टाळ्या गोड होत्या, पण त्यांमुळे तो मंच परत मिळाला नाही. माझा राग म्हणूनच अजून गेलेला नाही.

मला ताई मलमलीत गुंडाळून जपतात. माझी काळजी तुम्ही करू नका. एवढंच करा: कुणाच्या हातचं काम आवडलं, तर त्या माणसालाही शेजारी जागा द्या. आणि तुमच्यादेखत कुणाची जागा काढून घेतली जात असेल, तर खाली पाहू नका. तिथेच, त्याच वेळी तोंड उघडा.