उष्टी सुई

संकष्टीला नंदा उजाडल्यापासून चंद्र दिसेपर्यंत मौन पाळायची. अमेरिकेत, पार्सिपनीतल्या तिच्या मैत्रिणींना याची इतकी सवय झालेली, की त्या दिवशी तिला प्रश्न विचारून उत्तरही त्या स्वतःच देऊन मोकळ्या होत.

त्या दुपारी दवाखान्यातून नर्सचा फोन आला. ओळख पटवायला विचारलेली जन्मतारीख तिच्या नवऱ्याने, अवधूतने सांगितली. नंदाने नुसता हुंकार भरला. तिच्या रक्तात हिपॅटायटिस बी सापडला होता, बहुधा लहानपणापासूनचा. घाबरू नका, सोमवारी या, नर्स म्हणाली. पण ब्लेड, टूथब्रश, शुगर बघायचं सामान कुणाशी शेअर करू नका.

शुगर बघायचं सामान.

दर संकष्टीला मैत्रिणीकडे, पद्मजाकडे, आरतीआधी एक गंमत चाले. उपासाने कुणाची साखर किती उतरली ते बघायचं. पद्मजाचं साखर मोजायचं मशीन आणि बोट टोचायचं पेन हातोहात फिरे. स्ट्रिप प्रत्येकीला नवी, सुई मात्र तीच. स्पिरिटचा बोळा फिरवला की झालं. आज आपण हात मागे ठेवू आणि चंद्र दिसला की पद्मजाला बाजूला घेऊन सांगू, असं ठरवूनच नंदा मोदकांचा डबा घेऊन निघाली.

पण सोफ्यावर त्यांच्यातली सगळ्यात लहान, सई बसली होती. सातवा महिना. मागच्या महिन्यातही ती तिथेच, नंदाच्या शेजारी बसली होती.

"एकशे चाळीस, शरयूमावशी," पद्मजा म्हणाली. "साबुदाणावडे कितीदा झाले?"

"तूच वाढलेस की," मावशी बोट दाबत म्हणाल्या.

"नंदा, हात."

नंदाने हात शालीखाली घेतला.

"इतकी कडक व्रतं करतेस आणि सुईला घाबरतेस? बरं, सई, तू ये."

"हो, माझी बॉर्डरलाइन आहे यार," म्हणत सईने बोट पुढे केलं.

नंदाने पेनवर तळहात ठेवला. पद्मजा हसली, तो हलकेच बाजूला केला. खिडकीबाहेर नुसताच काळोख होता. पेन सईच्या बोटाला टेकलं.

"सई, हात मागे घे."

दिवसभर न वापरलेला आवाज घोगरा निघाला.

"अगं, चंद्र अजून..." शरयूमावशी म्हणाल्या.

"माहीत आहे, मावशी. माझ्या रक्तात हिपॅटायटिस बी निघालाय. आज कळलं."

"पण मी दर वेळी पुसते की," पद्मजाचा आवाज खाली आला.

"कुणी तोंड लावलेला पेला तू नुसता पुसून पितेस का, पद्मजा? ही सुई सगळ्यांची उष्टी आहे. मशीनसुद्धा."

पद्मजा पेन हातात धरून तशीच उभी राहिली. कुठे ठेवावं, कळेना.

सईचा हात पोटावर गेला होता. "काकू, मागच्या वेळी माझ्याआधी कोण होतं?"

नंदाला उत्तर ठाऊक होतं.

"मी," ती म्हणाली. "तुझ्या डॉक्टरांना फोन लाव. आत्ताच."

सईने नंबर लावला, आणि पलीकडून आवाज आला तसा फोन नंदापुढे धरला. नंदाने फोन घेतला. पलीकडच्यांनी आधी पेशंटचं नाव आणि जन्मतारीखच विचारली. सई पुटपुटली, नंदाने ती स्पष्ट सांगितली, आणि मग बाकीचं सगळं.