राखलेली हवा

“अहो पावनं, बाटल्याला घोंगडं कशाला पांघरलंय? आजारी तुमची बायको हाय का बाटला?”

माझ्या आवाजानं सिद्धनाथ दचकून उठला. प्राणवायूच्या उंच लोखंडी बाटल्याला त्यानं आपलं काळं घोंगडं गुंडाळलं होतं, आणि स्वतः नुसत्या बंडीत कुडकुडत बसला होता.

“गार पडलाया बाई. हात लावून बघा की. आतली हवा गोठंल.”

“गोठत न्हाई, काय न्हाई! घ्या ते अंगावर. न्हाईतर तुमाला बी खाट द्यावी लागंल.”

मला हसू आलं, आणि लगेच माझाच मला राग आला. हसण्यासारखं त्या वॉर्डात काय होतं?

मी अक्कम्मा, सोलापुरातल्या दवाखान्यातली आया. माहेर अक्कलकोटकडचं. माझ्या मराठीला कानडीचा वास येतो, असं सिस्टर म्हणायच्या. येईना का! त्याच मराठीत मी रोग्यांना दटावून कांजी पाजली आहे. मानमोडीच्या तापाची मोठी साथ येऊन गेली त्याला तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली होती. त्या हिवाळ्यात मेली पुन्हा उगवली. आधी नुसता ताप, मग छाती भरायची, ओठ जांभळे व्हायचे, आणि चांगलं धडधाकट माणूस श्वासाला महाग व्हायचं. त्यावर औषध असं नव्हतंच. छाती शेका, उशा रचून बसवा, आणि नशिबात असेल त्याला प्राणवायू.

आमच्याकडे बाटला एकच उरला होता. दुसरा पुण्याहून रेल्वेनं यायचा होता. “संध्याकाळच्या गाडीपर्यंत एवढ्यावरच निभवायचंय, अक्कम्मा,” असं सिस्टर मला म्हणाल्या, तेव्हा सिद्धनाथ शेजारीच उभा होता. त्यानं ते ऐकलं. पुढचं सगळं त्या एका वाक्यातून झालं.

माणूस सांगोल्याकडचा धनगर. मेंढरं भावाच्या हवाली करून बायकोला, म्हाळसाबाईला, घेऊन आलेला. बाटल्यातली हवा आधी पाण्याच्या बाटलीतून बुडबुडत यायची, मग रबरी नळीतून काचेच्या नरसाळ्यात. ते नरसाळं तिच्या तोंडापाशी धरून बसायचं काम त्यानं माझ्याकडून मागून घेतलं होतं. हात असा स्थिर, की मला कौतुक वाटायचं. पण त्याची नजर सारखी त्या बुडबुड्यांवर.

“बाई, ही श्वास सोडती तवा बी हवा येतच ऱ्हाती?”

“येती की.”

“मग ती कुटं जाती?”

“कुटं जाणार? वर.”

त्यानं छताकडे पाहिलं. “म्हंजी निम्मी वायाच की वो!” फुटक्या घागरीतून पाणी चाललेलं पाहावं, तसा तो हळहळला.

मग आपणहून सांगू लागला. त्यांच्याकडे पाऊस म्हणजे पाहुणाच, आला तर आला. एका दुष्काळात ओढ्यात खड्डा खणून त्यात झिरपेल तेवढं पाणी यानं वाटीनं मेंढरांना पाजलं. प्रत्येकाला घोटभर. तहान पुरी भागवायची नाही, नुसता जीव राखायचा. “लोकांचं कळपच्या कळप मेलं बाई. माजं एक कोकरू गेलं न्हाई. इचारा हिला.”

म्हाळसाबाईनं डोळे उघडले. तिच्या ओठांवर जरा लाली दिसत होती. एकेक शब्द ओढून काढत ती म्हणाली, “तुमी... जेवलासा?”

“जेवलो की!” सिद्धनाथ म्हणाला. सकाळपासून त्याच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. नवराबायकोच्या असल्या खोट्यात तिसऱ्यानं तोंड घालू नये.

दुपारी फाटकाशी गलका झाला. गिरणीतली रंभाबाई, कामावरच कोसळलेली. तिलाही तेच. तिला उचलून आणायला मी धावले. जाताना सिद्धनाथला बजावलं, “नरसाळं हलवू नका.”

त्यानं ते तसूभरही हलवलं नाही. मी परत आले तेव्हा ते तिच्या तोंडापाशी अगदी जिथल्या तिथं होतं. फक्त पाण्याच्या बाटलीत एकही बुडबुडा नव्हता.

“झोप लागलीया,” तो कुजबुजला. तोंडावर केवढं समाधान! “वाया जाऊ दिली न्हाई बाई. मधनंमधनं घोटभर देतूय. रातीला पुरंल आता.”

माझ्याकडे पाहून पाहून तो बाटल्याची किल्ली फिरवायला शिकला होता. म्हाळसाबाईची मान एका बाजूला कलली होती. ओठ शाईसारखे झाले होते.

“अय्यो शिवने!” मी किल्ली पुरी फिरवली. पाणी खळखळून उसळलं. मी ओरडले, डॉक्टर धावत आले. त्यांनी सुई टोचली, श्वास परतावा म्हणून तिचे हात डोक्यावर नेऊन पुन्हा छातीवर दाबून पाहिले, किती तरी वेळ. काही झालं नाही. मी नरसाळं धरून उभी. दुसरं काय येत होतं मला?

डॉक्टरांनी घाम पुसला. “मी आलो तेव्हा नळी नुकतीच सोडल्यासारखी फुरफुरत होती. म्हणजे आधी बंद होती. कुणी केली होती?”

सिद्धनाथनं तोंड उघडलं. मी त्याच्या आधी बोलले, “मी, साहेब. बाटला संपला असं वाटलं मला.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, “छाती दोन्हीकडून भरली होती तिची. कदाचित तरली असती, कदाचित नसती.” आणि ते रंभाबाईकडे वळले. सिद्धनाथनं ते ऐकू नये असं मला फार वाटत होतं. पण त्याचे कान मेंढपाळाचे, लांबचंही टिपणारे.

“बाई,” तो म्हणाला, “तुमी आपल्या अंगावर का घेतलं? किल्ली तर म्या...”

“गप बसा. तिचं आयुष्यच तेवढं हुतं.”

“म्या राखत हुतो वो.”

“ठावं हाय मला.”

या माणसाला काय सांगायचं? आयुष्यभर ज्या शहाणपणावर तगला, त्याच शहाणपणानं घात केला होता.

बाटला रंभाबाईच्या खाटेशी नेला. ती उशांवर हपापून श्वास ओढत होती. गाडीचा अजून पत्ता नव्हता. मीही मनात हिशेब केला आणि किल्ली जराशीच फिरवली. बुडबुडे एकेक करून वर येऊ लागले.

“बाई.”

सिद्धनाथ मागे येऊन उभा राहिला होता. त्याचा हात किल्लीकडे गेला, मध्येच थांबला. त्यानं तो मागे घेऊन बंडीखाली लपवला.

“लई बारीक सोडलीसा. समदी सोडा. राखू नका.”

मी किल्ली फिरवली. पाणी उसळू लागलं. रंभाबाईच्या ओठांवर रंग चढेपर्यंत तो तिथंच उभा राहिला, कोण कुठली ती बाई. मग “हां,” म्हणाला, आणि आपल्या बायकोला उचलायला गेला.