कोऱ्या कॅनव्हासवरची लेस

"शू! आत्मे आले!" शेजारच्या इर्मानं माझा हात दाबला. लीर गावातल्या बिअरखान्यामागचा हॉल गच्च भरला होता आणि तिथल्या प्रत्येकाचं कुणी ना कुणी वारलेलं होतं. माझी बायको रोझाली जाऊन दोन हिवाळे झाले. घरात आवाज होतो तो फक्त किटलीचा.

आत्मे बोलावणाऱ्या वालेरबुवांनी कॅनव्हास उंच धरला. "कोरा आहे ना? तुमची माणसं पलीकडून स्वतःचा चेहरा रंगवतील! फक्त शंका घेऊ नका. शंकेनं आत्म्यांना सर्दी होते!"

गेल्या आठवड्यात बुवांनी कोऱ्या कॅनव्हासवर 'अश्रूंचा स्पंज' फिरवला आणि इर्माचा बुडालेला पोरगा असाच प्रकटला होता. आज रोझालीची पाळी होती. मला ती यायला हवी होती हो, काय लपवायचं!

बुवांनी कॅनव्हास उभा केला, शेजारी मेणबत्ती ठेवली. एकटेपणाला कंटाळून मी संध्याकाळी तेलरंग शिकायला जातो. आमच्या बाईंनी वर्षभर एकच पांढरा टेबलक्लॉथ रंगवून घेतला. "गोमार, पांढरं नुसतं पांढरं नसतं. डोळे बारीक कर, तिरप्या उजेडात बघ."

सवयीनं डोळे बारीक झाले. त्या कोऱ्या पांढऱ्यावर ब्रशचे उंचवटे दिसले. गळ्याशी लेसची नक्षी होती, रोझालीच्या लग्नातल्या कॉलरची. आमच्या लग्नाचा फोटो बुवांनी माझ्याकडून 'कंपनं जुळवायला' महिन्यापूर्वीच मागवून घेतला होता.

मेल्या डोळ्यांनो, आजच दिसायचं होतं?

मी पुढे गेलो, अंगठा ओला केला आणि त्या लेसवरून फिरवला.

"अहो, शंका...!" बुवा ओरडले.

"होऊ दे सर्दी."

अंगठ्याखालून कॉलर वर आली. "चित्र आधीच तेलरंगात काढून वाळवलंय," मी म्हणालो. "वर पाण्यात कालवलेला खडू फासलाय. यांचा तो 'अश्रूंचा स्पंज' फिरला की खडू निघतो. तेलरंगाला पाण्यानं काही होत नाही."

कुणी हसलं, कुणी शिव्या दिल्या. बुवा मागच्या दारानं पसार झाले. इर्मा माझ्याकडे न बघता निघून गेली.

मी मागोमाग जाऊन तिच्या घराचं दार ठोठावलं.

"चालता हो!" ती आतून ओरडली. "माझा पोरगा घालवलास तू!"

"तो आलाच नव्हता, इर्मा. रोझालीही आली नाही. रडायचं तर रड, पण डोळे उघडे ठेवून रड. आपण डोळे मिटतो म्हणून तर असल्या बुवांचं फावतं. आता दार उघड. मी खरोखरचा आलोय, आणि थंडीनं गारठलोय."