जिथे शालनवाचून अडत होतं

शालन तायडे नेमकं काय काम करते, हे भुसावळात कुणाला धड सांगता येत नव्हतं. आई तारामती शेजारणींना म्हणे, "आमची शालन जयपूरला दवाखान्यात आहे." शेजारणी आपापल्या मनाने 'नर्स' असं धरून चालत आणि आई ते दुरुस्त करत नसे. नर्स म्हटलं की निदान कळतं तरी. तळघरात बसून आजारी माणसांचे कागद सांभाळते, असं सांगितलं की पुढे चार प्रश्न येणार, आणि त्यांची उत्तरं आईकडेही नव्हती.

वडील देवराम रेल्वेत फिटर. बदली होऊन जयपूरला आले, चौदा वर्षं शेडमध्ये काढली आणि पंचाऐंशी साली निवृत्त होऊन बायकोला घेऊन गावी परतले. शालन नोकरीपायी मागे राहिली. वय चोवीस, लग्न झालेलं नाही, मुरलीपुऱ्यात भाड्याची एक खोली. सकाळी सीकर रोडवर बस धरायची, संध्याकाळी त्याच बसने परतायचं. रविवारी दिवसभरात तिच्या तोंडून शब्द निघत नसे, आणि सोमवारी कंडक्टरला तिकीट मागताना आवाज घोगरा येई. एकटेपणाची सवय होते म्हणतात. म्हणणाऱ्यांनी मुरलीपुऱ्यात एक रविवार काढून बघावा.

तिला दिल्लीला जायचं होतं. तिथे मेडिकल रेकॉर्डचा वर्षभराचा कोर्स होता. रोग्यांचे कागद कसे ठेवावेत, कुठल्या आजाराला कुठला आकडा द्यावा, त्यावरून साथ कशी ओळखावी, हे सगळं तिथे रीतसर शिकवत. तो केला की रेकॉर्ड ऑफिसर होता येत होतं. पण माणूस दवाखान्यानेच पाठवायचा, अर्जावर अधीक्षकांची सही लागायची. पहिल्यांदा अर्ज नेला तेव्हा साहेब हसले होते. "कागद लावण्यात शिकायचं काय असतं?"

वडिलांचं पत्र आलं. "चि. शालनला जय भीम व आशीर्वाद. यंदा काय ते बघ. नाही जमलं तर बिस्तरा बांध नि घरी ये. कागद काय, भुसावळलेबी असतात."

रेकॉर्ड रूमचे मुख्य सुखदेवजी. ते आधी तहसील कचेरीत होते. जमिनीचे कागद जसे मालकाच्या नावाने लागतात, तसेच त्यांनी आजारी माणसांचेही लावले होते. बाई आजारी पडली तर कागद नवऱ्याच्या नावाखाली. लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे, सालवार, अक्षरवार. सुखदेवजी ते गठ्ठे पोटच्या पोरांसारखे जपत, फक्त त्यांतून वेळेवर काही निघत नसे.

शहाऐंशीच्या फेब्रुवारीत एका दुपारी बाळंतपणाच्या वॉर्डातून फोन आला. आमेरची केसर, भंवरलालची बायको. मागच्या बाळंतपणात, तीन वर्षांपूर्वी, ह्याच दवाखान्यात कुठल्याशा इंजेक्शनाने तिचा श्वास अडकला होता. कुठल्या, ते ना तिला ठाऊक ना सासूला. आता पुन्हा ऑपरेशन करायचं होतं आणि डॉक्टर हात बांधून उभे होते. जुना कागद हवा, ताबडतोब.

सुखदेवजींनी त्र्याऐंशीचा गठ्ठा सोडला. भंवरलाल तीन निघाले. एकाच्याही बायकोचं नाव केसर नव्हतं.

"लिहा, रेकॉर्ड मिळालं नाही," ते फडकं बांधत म्हणाले.

शालन जिना चढून वर गेली. केसर घुंगटात कण्हत होती आणि सगळी उत्तरं सासू देत होती. मागच्या वेळी कितवं मूल? पहिलं. ते ऐकलं आणि शालनच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पहिलं बाळंतपण! भुसावळ असो की आमेर, पोरगी पहिल्या बाळंतपणाला जाते कुठे? माहेरी! तिने सासूला बाजूला केलं आणि केसरच्या कानाशी वाकली.

"थारो पीहर कठे?"

"चौमू."

"बापूजी रो नाम?"

जन्मात नवऱ्याचं नाव न घेणारी केसर बापाचं नाव मात्र ठणठणीत आवाजात म्हणाली, "हुक्माराम!"

काखेत कळसा नि गावाला वळसा, तसं झालं. भावाने माहेराहून आणलेली पोर, म्हणून नोंदणीच्या खिडकीवरच्या माणसाने लिहिलं होतं, 'केसर, पुत्री हुक्माराम'. कागद 'ह'च्या गठ्ठ्यात निवांत पडून होता. पहिल्याच पानावर लाल शाईने इंजेक्शनाचं नाव. शालन तो घेऊन धावत वर गेली. डॉक्टरांनी वाचलं, ट्रेमधली एक बाटली बाजूला ठेवायला सांगितली आणि दार बंद झालं. चार वाजता मुलगी झाली. दोघी सुखरूप. सासूने गूळ वाटला तो डॉक्टरांना आणि नर्सांना. तळघरात कोण बसतं ते तिला कुठून कळणार.

पण साहेबांना कळलं. त्यांनी शालनला बोलावून खुर्ची दिली. तीही हुशार, अर्ज सोबतच घेऊन गेली होती. साहेबांनी तो वाचला आणि मान हलवली.

"सात मिनिटांत कागद काढलात. आणि तुम्हालाच वर्षभर सोडू? उद्या अशी बाई आली तर कोण शोधेल? सुखदेवजी? नाही शालनजी, तुमच्यावाचून इथे अडतं."

आपल्याच हुशारीने आपला घात केला! खोलीवर येईपर्यंत ती संतापाने धुमसत होती. आणि खरं सांगायचं तर, संतापाच्या तळाशी एक गोड काहीतरी होतं. 'तुमच्यावाचून अडतं.' असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं, आईनेसुद्धा नाही. त्या गोडीची तिला लाज वाटली.

तिने वडिलांकडे आणखी एक वर्ष मागून घेतलं आणि कामाला लागली. आपल्यावाचून अडू नये, एवढीच तर अट होती. प्रत्येक रोग्याला जन्मभराचा एकच नंबर, कागद त्या नंबरावर. शिवाय प्रत्येकाचं एक कार्ड: स्वतःचं नाव आधी, मग बाप, नवरा, माहेरचं गाव, सासरचं गाव. औषधांच्या रिकाम्या खोक्यांचे पुठ्ठे कापून तिने कार्डं केली. सुखदेवजी म्हणाले, "बायकांना नंबर? बायका काय मोटारी आहेत, बाईसा?" पण पोरीचा हट्ट बघून त्यांनीच सुताराकडून खण करवून घेतले. ती रविवारीही येऊ लागली. तेवढीच त्या मुक्या खोलीतून सुटका.

ते तिचे चांगले दिवस होते. फोन वाजे तो तिच्यासाठी. "शालनजींना द्या." वॉर्डातल्या नर्सा तिला चहाला हाक मारत. मग जसजसे खण भरत गेले, तसतशा हाका कमी झाल्या. कार्ड बघून जो तो आपला कागद काढी. शेवटचा खण राहिला, माहेरी एका नावाने आणि सासरी दुसऱ्या नावाने नोंदलेल्या बायकांचा. त्या सगळ्या तिला तोंडपाठ होत्या. तो खण तिने महिनाभर रेंगाळवला. आज नको, उद्या करू. का, ते तिला चांगलं ठाऊक होतं. शेवटी एका आठवड्यात दात-ओठ खाऊन तिने तो पुरा केला.

सत्त्याऐंशीच्या मार्चमध्ये ती पुन्हा साहेबांसमोर बसली. साहेबांनी अर्ज बाजूला ठेवून एक जुनं रजिस्टर उघडलं, मनाला येईल त्या पानावर बोट ठेवलं आणि खाली फोन लावला. "सुखदेवजी, टोंकची अनोखी. दोनदा भरती झालीय. दोन्ही कागद पाठवा." आणि शालनला म्हणाले, "तुम्ही इथेच बसा."

अनोखी तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. एक कागद बापाच्या नावाचा, दुसरा दिराने भरती केली म्हणून त्याच्या नावाचा. अवघड होती. शालनने मांडीवर हात घट्ट धरले. वर्षभराची मेहनत पणाला लागली होती, आणि मनाचा एक चोर कोपरा म्हणत होता, नको सापडू दे. सुखदेवजी हाक मारू देत. एकदाच.

पाच मिनिटांत शिपाई आला. दोन्ही कागद टेबलावर ठेवून गेला.

साहेबांनी ते उलटून पाहिले, खूश झाले, आणि अर्जावर झोकात सही केली. "जा खुशाल दिल्लीला. आता तुमच्यावाचून इथे काही अडत नाही."

ह्याच वाक्यासाठी तिने वर्षभर जिवाचं रान केलं होतं. "थँक यू सर," म्हणून ती बाहेर आली. आनंद झाला होता, खोटं कशाला बोला. पण जिन्यात पोचेपर्यंत डोळे भरून वाहू लागले आणि थांबेनात.

खाली फोन वाजला. सवयीने ती डोळे पुसत भराभर चार पायऱ्या उतरली. "हां जी, नंबर बोलिए," सुखदेवजी आत म्हणत होते. शालन होती त्याच पायरीवर थांबली. खालून तिला कुणी बोलावलं नाही.